काढलेले छायाचित्र

राजापेठेतल्या आमच्या घराच्या बैठकीत एक छायाचित्र पंधरा वर्षे टांगलेले होते. पोत्याच्या तुकड्यावर ठेवलेली बांबूची टोपली, तिच्यात रानमांजराची तीन पिल्ले. दोन एकमेकांच्या अंगाखाली दडलेली आणि तिसरे मान वर करून थेट भिंगाकडे पाहणारे, निळ्या डोळ्यांचे. उजव्या कोपऱ्यात, टोपलीच्या काठावर, माणसाचा हात आहे; अंगठा आणि पहिले बोट एवढाच. तो हात आमच्यापैकी कोणाचा, यावर आमचे एकमत कधी झाले नाही. आरंभी दोघांनाही तो आपला वाटे. पुढे दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटू लागला.

येथे 'आम्ही' हा जुन्या निबंधकारांचा आदरार्थी आम्ही नव्हे, हे सांगितले पाहिजे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. एकाने अमरावतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकविले, दुसरीने इंग्रजी. संसारात अनेक गोष्टींची वाटणी झाली, पण कॅमेरा मात्र सामाईक राहिला. त्यामुळे कोणते छायाचित्र कोणी घेतले हे आज सांगता येत नाही. जे झाले त्याचा हिशेबही म्हणून सामाईकच आहे.

२००४ चा मार्च. बडनेऱ्यापलीकडे आमच्या वडीलबंधूंचे शेत आहे. कापूस संपला होता. उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी धुऱ्यावर लागली होती, आणि ती गाडीत भरून गावात न्यायची होती. आम्ही त्या रविवारी सहज म्हणून गेलो होतो. दुपारी सालदार दुपट्ट्याची झोळी करून झाडाखाली आला आणि म्हणाला, "काकाजी, हे पाहा काय निंगालं गंजीतून. बिबटाचे पिल्ले हायेत." ती बिबट्याची नव्हती. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर जन्मापासूनच ठिपक्यांची गुलछबी असते. ही मातकट होती आणि त्यांच्या पायांवर, शेपटीवर पुसट पट्टे होते. आमच्याकडे प्राण्यांवरची चार पुस्तके होती, त्यांच्या बळावर आम्ही निर्णय दिला की ही रानमांजराची, म्हणजे बाऊलाची पिल्ले. निर्णय बरोबर निघाला. ज्ञानाचा तेवढा भाग आमच्याजवळ होता.

नव्हता तो दुसरा भाग. मांजराची जात पिल्लांना ठेवून शिकारीला जाते, परत येते, जागा धोक्याची वाटली तर एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते, हे घरच्या मांजरीवरून प्रत्येक मराठी बालकाला ठाऊक असते. सात घरे बदलण्याची म्हण आपल्याच भाषेत आहे. पण गंजीपाशी उभे असताना आम्हांला ते आठवले नाही. आम्हांला दिसली ती पोरकी पिल्ले. शिवाय, हे लपविण्यात अर्थ नाही, आम्हांला दिसले ते छायाचित्र. कॅमेरा घरी होता, राजापेठेत. पिल्ले मोटारीत घातली आणि आणली.

दोन रात्री ती आमच्याकडे होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजराला संरक्षण आहे आणि त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे, हे आम्ही तेव्हा पुरते जाणत नव्हतो. जाणत असतो तरी दोन रात्रींना काय होते असे स्वतःला सांगितले असते. कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. ते त्यांना सोसत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश कितीतरी अधिक, आणि गाईच्या दुधातली साखर त्या कोवळ्या आतड्यांना पचत नाही. दुसऱ्या दिवशी तिघांनाही हगवण लागली. त्याच दिवशी आम्ही छत्तीस छायाचित्रांचा एक पूर्ण रोल संपविला. तिसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याला कळविले, त्यांची माणसे येऊन पिल्ले घेऊन गेली, आणि तेथून ती एका प्राणिसंग्रहालयात पोहोचली. त्या संग्रहालयाचे नाव येथे लिहीत नाही, कारण या हकिगतीत त्याचा काही दोष नाही. एक पिल्लू वाटेत गेले, दुसरे आठवड्याभरात. निळ्या डोळ्यांचे ते तिसरे जगले.

मराठीत छायाचित्र 'काढतात'. या क्रियापदाकडे आम्ही वर्गात कितीदा तरी बोट दाखविले असेल. चित्र काढतात, पाणी काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात, काटा काढतात. आतले बाहेर आणणे हा त्याचा गाभा. इंग्रजीत छायाचित्र 'घेतात', त्यात निदान घेणाऱ्याकडे काही आले याची कबुली आहे. अलीकडे आपल्याकडे ललित लेखनात 'टिपणे' रूढ झाले आहे आणि ते 'काढणे'पेक्षा हळुवार समजले जाते. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदर डोळे टिपतो. म्हणून ते हळुवार. पण नेमबाजही सावज टिपतो. सूझन सोंटॅग यांनी १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी'मध्ये कॅमेरा आणि बंदूक यांच्या नात्याविषयी, सफारीवर बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतल्याविषयी जे विवेचन केले, ते इंग्रजीतल्या एका क्रियापदाच्या आधाराने उभे आहे. मराठी वाचकाला त्यासाठी लांब जावे लागत नाही. त्या मार्चमध्ये आम्ही गंजीतून पिल्ले काढली आणि घरी छायाचित्रे काढली. दोन्ही वाक्यांना क्रियापद एकच लागते.

भाषेचाच विषय निघाला आहे तर आणखी एक. गाईचे वासरू, घोड्याचे शिंगरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, हरिणाचे पाडस. पाळीव आणि सौम्य जनावरांच्या अपत्यांना मराठीने स्वतंत्र नावे दिली. हिंस्र जातींच्या वाट्याला 'छावा' आला तोही मुख्यतः सिंहाचा, आणि शिवाजी सावंतांच्या कादंबरीनंतर तो शब्द एका राजपुत्राचाच झाला. वाघ, बिबट्या, रानमांजर यांची आपली नुसती पिल्ले. आता वृत्तपत्रे सर्रास 'वाघाचे बछडे' लिहितात. हिंदीत बछडा म्हणजे वासरू. वाघाच्या अपत्याला त्याच्या भक्ष्याच्या अपत्याचे नाव देणारी ही भाषा पाहून मारुती चितमपल्ली काय म्हणाले असते असे वाटते. मेळघाटच्या वनातही नोकरी केलेल्या आणि आदिवासींच्या बोलींतली पशुपक्ष्यांची नावे आयुष्यभर जमविणाऱ्या या माणसाने मराठीला जंगलाचा शब्दसंग्रह दिला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. आपण मात्र अजून बिबट्याला चित्ता म्हणतो.

आम्ही मूळचे अमरावतीचेच. मेळघाट आमच्याच जिल्ह्यात. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला तो एक. तरीही आमच्या पिढीने पहिला वाघ पाहिला तो नागपूरच्या महाराजबागेत. भोसल्यांच्या त्या बागेत १८९४ पासून प्राणिसंग्रहालय आहे, आणि आज ते अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. शाळेची सहल तेथे जाई. वाघ गजांमागे येरझारा घालीत असे आणि आम्ही शेंगदाणे खात असू. त्याच्या येरझारांत काही वावगे आहे असे तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नव्हते. वाघ असाच चालतो अशी आमची समजूत होती.

२००४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिसऱ्या पिल्लाला पाहायला गेलो. अर्थात कॅमेरा घेऊन. राजापेठेत ज्यांच्याकडे आम्ही रोल धुवायला देत असू, त्या वृद्ध छायाचित्रकारांनी निघताना धडा दिला होता: लेन्स जाळीला जवळजवळ टेकवावी, अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, जनावर जाळीपासून लांब असेल तेव्हाच बटण दाबावे, आणि जाळीवर ऊन असेल तर ऊन सरकेपर्यंत थांबावे. असे केले की जाळी विरघळते. फ्लॅश वापरू नये. मांजरकुळातल्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, डोळ्यांच्या जागी दोन दिवे येतात, आणि जनावर बिचकते ते वेगळेच.

पिल्लू आता पिल्लू राहिले नव्हते. पाय लांब झाले होते, कानांच्या टोकांवर काळे झुपके आले होते, डोळे निळ्याचे पिवळसर हिरवे झाले होते. सर्वांत विलक्षण म्हणजे पट्टे जवळजवळ गेले होते. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावरच्या खुणा वाढत्या वयात विरत जातात आणि मोठे जनावर जवळपास एकरंगी होते. आमच्या बैठकीतल्या छायाचित्रात जे होते ते आता त्याच्या अंगावर नव्हते. ते मागच्या भिंतीशी, सिमेंटच्या कृत्रिम खडकावर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. आम्ही दोन तास थांबलो. एकदा त्याने मान वळवली. त्या क्षणी जाळी विरघळली.

ते छायाचित्र उत्कृष्ट आले. मागच्या गवतामुळे खडकाचे सिमेंट कळत नव्हते. पुढच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या मुखपृष्ठावर ते छापले गेले आणि विद्यार्थी-संपादकाने त्याला मथळा दिला, 'मेळघाटच्या कुशीत'. मुद्रिते आमच्याच हातून गेली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका आम्ही दुरुस्त केल्या, पण या मथळ्याला हात लावला नाही. मेळघाटात रानमांजरे आहेतच, असे एकमेकांना म्हणालो. पुढे कितीतरी जणांनी विचारले, सेमाडोहला की कोलकासला? आम्ही हसत असू. हसण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला घेतला.

साहित्याच्या शिक्षकांनी हे केले, याची टोचणी अधिक आहे. रोदँवर पुस्तक लिहिण्यासाठी पॅरिसला आलेल्या रिल्केने तेथल्या वनस्पतिउद्यानातल्या बिबट्यावर जी कविता लिहिली, ती आमच्यातल्या एकीने वर्षानुवर्षे शिकविली. त्या कवितेत गजच गज आहेत. जनावराच्या दृष्टीला गजांनी काय केले, हाच तिचा विषय. गज पुसून टाकले तर कविता उरत नाही. म्हणजे कवीने पिंजऱ्यापुढे उभे राहून पिंजरा लिहिला आणि आम्ही त्याच्यापुढे उभे राहून तो पुसला. जॉन बर्जर यांचा प्राण्यांकडे पाहण्याविषयीचा निबंध १९८० च्या 'अबाउट लुकिंग' या संग्रहात आहे. प्राणिसंग्रहालयात माणूस चित्रांच्या दालनात फिरावा तसा एका पिंजऱ्यापासून दुसऱ्याकडे जातो आणि तरी त्याला काहीतरी चुकल्यासारखे, नीट न दिसल्यासारखे वाटत राहते, असे निरीक्षण त्यात आहे. बर्जरना ते अस्पष्ट दिसणे हीच तेथली खरी गोष्ट वाटली. आमचा सारा खटाटोप ती अस्पष्टता घालविण्याचा होता. छायाचित्राचे तंत्र जितके चांगले तितके ते खोटे, असे सरसकट विधान आम्ही करणार नाही. पण त्या एका छायाचित्रापुरते ते खरे आहे.

उलट बाजूचे एक छायाचित्र येथे आठवते. १९४७ साली कोरियाच्या राजाने, रामानुज प्रताप सिंह देव यांनी, एका रात्री तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा एकाच वेतातले. देशातल्या चित्त्यांची ही शेवटची निश्चित नोंद मानली जाते. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. राजासमोर ओळीने निजविलेल्या त्या तिघांचे छायाचित्र आहे, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या शिकारीचा वृत्तांत छापताना संपादकांनी तीव्र शब्दांत नापसंती नोंदविली होती. त्या छायाचित्रात काहीही पुसलेले नाही. बंदूक आहे, माणूस आहे, मेलेली जनावरे आहेत. पाहणाऱ्याला संताप येतो, कारण सर्व काही दिसते. आमच्या मुखपृष्ठावर मात्र संताप येण्यासारखे काहीच नव्हते.

त्यानंतर काही वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडच्या बातम्या आम्ही वाचू लागलो. ऊसतोडीत बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी ती उचलून नेत. आता वनखात्याची माणसे आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले पशुवैद्य त्यांची तपासणी करतात, आणि संध्याकाळी ती खोक्यात घालून, जेथे सापडली तेथेच, त्याच फडाच्या कडेला ठेवतात. दूर एक स्वयंचलित कॅमेरा लावतात आणि माणसे निघून जातात. रात्री आई येते, खोक्याभोवती फिरते, ते आडवे पाडते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. वाघाटीच्या आणि रानमांजराच्या पिल्लांबाबतही हेच केले जाते. ती चित्रे करड्या रंगाची, दाणेदार, वाकड्या चौकटीची असतात. खाली तारीख आणि वेळ. डोळ्यांच्या जागी पांढरे दिवे. आमच्या वृद्ध छायाचित्रकारांनी ती सपशेल नापास केली असती. ती कोणी काढलेली नसतात, हा त्यांचा गुण. कॅमेऱ्यामागे माणूस असता तर आई आलीच नसती.

२०२२ मध्ये मुंबईला गेलो असता भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून २०२० च्या फेब्रुवारीत आणलेल्या शक्ती आणि करिश्मा या वाघांच्या जोडीला १४ नोव्हेंबर २०२१ रोजी मादी पिल्लू झाले होते. त्याचे नाव वीरा. काचेपाशी शे-दीडशे माणसे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. जाळी नाही, त्यामुळे ती विरघळविण्याचे कसब नको. पण काचेत पाहणाऱ्यांची प्रतिबिंबे पडत होती. एक लहान मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, फोटोत वाघापेक्षा आपणच जास्त आलोय." वडिलांनी तो फोटो पुसून दुसरा घेतला. आम्हांला तो पहिला हवा होता.

असो. मूळ हकिगतीचा एक भाग राहिला आहे.

२०१९ मध्ये तो सालदार, आता म्हातारा, राजापेठेत आमच्या घरी आला. मुलाच्या मुलीला शिकायला शहरात ठेवायचे होते, त्याविषयी विचारायला. बैठकीत बसल्यावर त्याची नजर भिंतीवर गेली. बराच वेळ त्याने पाहिले. मग म्हणाला, "हे थे गंजीतले नं, काकाजी?" आम्ही होकार दिला.

"तीन रात्री आली होती थे."

"कोण?"

"माय. म्या जागलीले होतो नं. गंजीभोवती फिरे, अन् मंधातच ओरडे. तिसऱ्या रात्रीनंतर नाही आली मंग."

आमच्यापैकी एकाने विचारले की हे तेव्हाच का सांगितले नाही. त्याने जरा संकोचाने सांगितले की पहिल्या रात्रीनंतर, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, बैलांसाठी ढेप न्यायला तो शहरात आला होता, आणि हेच सांगायला घरी डोकावलाही होता. "तुमी फोटो काढून राहिले होते. बाईनं हातानं थांब म्हनून दाखवलं. मले वाटलं, कामाचे असतीन. उभा राहिलो जरासा, अन् गेलो मंग."

आम्हां दोघांपैकी कोणालाही तो आल्याचे आठवत नाही.

तो गेल्यावर कपाटातून निगेटिव्हची पट्टी शोधून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पस्तीस मिलिमीटरची चौकट लांबट असते, दोनास तीन या प्रमाणाची. बैठकीसाठी आम्ही केलेला मोठा प्रिंट आठ बाय दहाचा, म्हणजे चारास पाच. एवढ्या फरकाने डाव्या-उजव्या कडा कापल्या जातात, आणि उजवीकडचा हात राहावा म्हणून आम्ही डावीकडचे जास्त कापायला सांगितले होते. बावीस क्रमांकाच्या चौकटीत, टोपलीच्या मागे अगदी डाव्या कडेला, दाराचा उंबरठा आहे. उंबरठ्याबाहेर दोन पाय आहेत, अनवाणी, घोट्यापर्यंत धोतर. वहाणा बाजूला काढून ठेवलेल्या दिसतात.